सातवणचे पांढरे पक्षी

शिमगा तोंडावर आला होता, बोंडू पिकून काजूच्या बिया झाडाखाली पडायला लागल्या होत्या, आणि नेमका त्याच आठवड्यात सातवणच्या बागांत पांढरा पक्षी दिसला. एक नाही, चांगले सात.

एरवी पांढऱ्या पक्ष्याचं कोणाला सोयरसुतक? पण सातवणात पांढरा म्हणजे ताप, हे गणित बालवाडीतल्या पोरालाही पाठ होतं. बिया वेचणाऱ्या बायकांनी टोपल्या जागच्या जागी टाकल्या आणि धावत डांबरी रस्ता गाठला. "शलाकाक बोलवा!" कोणीतरी ओरडलं. "आधी तिका बोलवा!"

शलाका गवस ही गावची पक्षी-निरीक्षक. सरकारी कागदावर हुद्दा असा भारदस्त असला, तरी लोक तिला पीसवाली म्हणत आणि तिलाही तेच आवडे. दोडामार्गाच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकलेली, तोंडाने फटकळ, लग्न करून गावातल्या गावातच राहिलेली. नवरा निनाद काजू सोसायटीचा चेअरमन. गावाच्या पोटाची काळजी त्याच्याकडे आणि जिवाची हिच्याकडे, अशी घरातच वाटणी झालेली होती. बहुतेक दिवस ती वाटणी बिनतक्रार चाले.

शलाका धापा टाकत आली. काजूच्या सावलीत सात गिनी कोंबड्या पाला उकरत होत्या, पिंजलेल्या कापसासारख्या पांढऱ्या. पाठीवर ठिपका नाही, पंखावर नाही. इतक्या अंगभर पांढऱ्या तिने आधी कधी पाहिल्या नव्हत्या. पण नियम तिलाच सर्वांत आधी पाळायचा होता. तिने फोन काढला आणि सातवणच्या सगळ्या बागा बंद असल्याचा निरोप तालुक्याला धाडला.

या पक्ष्यांची गोष्ट थोडी मागे जाऊन सांगायला हवी. माकडताप पसरतो गोचिडीमुळे. जंगलातली ही गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असतानाच चावते, आणि चावलेलं कळतही नाही. बारा वर्षांपूर्वी या तापाने सातवणात नऊ माणसं नेली. त्यात शलाकाचा थोरला भाऊ गौरेशही होता.

पुढे डॉ. मालिनी फडणीस यांच्या प्रयोगशाळेने यावर एक अजब तोडगा काढला. गिनी कोंबडी हा गोचीड वेचून खाण्यात सगळ्यात हावरट पक्षी. दिवसभर बागेत फिरणार, गोचिडी खाणार, काही चावूनही घेणार. ताप तिला बाधत नाही, पण विषाणू अंगात शिरला की तिच्या पेशी एकमेकींना धोक्याची हाक देतात. ती हाक रक्तातून पिसांच्या मुळांपर्यंत पोचते. डॉक्टरांनी तिथेच एक जनुकीय कळ बसवली. हाक आली की रंग तयार करणाऱ्या पेशी काम थांबवतात. पीस उगवत राहतं, पण कोरं. करड्या रंगावर मोत्यांसारखे ठिपके असायचे, तिथे नुसतं पांढरं. रक्तातली खूण आठवड्याभरात पुसली जाते, पीस मात्र गळेपर्यंत साक्ष देत राहतं.

नियम सोपा होता. पाठीवर किंवा पंखांवर पांढरी पिसं आलेले तीन पक्षी गावात दिसले की गावातल्या सगळ्या बागा बंद. मग डोंगरभर गोचिडी गोळा करून तपासायच्या. ते काम संपेपर्यंत काजूचा हंगामही संपतो.

दुपारी सोसायटीच्या शेडमध्ये गाव जमलं. माणसं घाबरलेली होती आणि घाबरलेल्या माणसाला आधी राग येतो. राग विषाणूवर काढता येत नाही. मग वड्याचं तेल वांग्यावर निघतं.

"मी काय म्हणतंय," मागून एकजण उठला, "ताप कोणाक इलो? कोणाकच नाय! पक्षी पांढरे झाले म्हणान आमी उपाशी रवाचा? मारून टाकूया सगळे पक्षी, कटकटच संपली!"

शेडमध्ये हशा पिकला, पण त्यात होकार होता. शलाकाच्या अंगाची आग झाली.

"मारा ना! मारा!" ती उभी राहिली. "आणि फुडच्या वर्साक ताप इलो की माणसां पांढरी होऊची वाट बघा!"

मागचे एकेक करून उठायला लागले. निनाद मात्र तिच्याकडे बघत होता. सभा पांगल्यावर तो हळूच म्हणाला, "लोक सांगतत तसा मी करूचंय नाय. पण शलाका, ह्यो हंगाम गेलो, तर फुडच्या वर्साक तुझे पक्षी मी वाचवू शकणार नाय. ह्या तू समजान घे."

त्याचं खरं होतं, म्हणूनच तिला ते जास्त झोंबलं. अलार्म खरा असला तर गाव घरी बसणार. खोटा असला तर यापुढे कोणी तिच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ज्या दिवशी ताप खरोखर येईल त्या दिवशी बायका टोपल्या घेऊन थेट त्याच्या तोंडात जातील.

ती एकटीच बागांकडे परतली. अंगभर औषध चोपडून, पायांत गमबूट घालून बांधावर बसली आणि नुसती बघत राहिली. गिनी कोंबड्यांचा एक गुण असा, की मादी दोन सुरांत ओरडते आणि नर एकाच सुरात. गावातल्या बायका नवऱ्यांना टोमणा म्हणून म्हणत, मादी विचारते 'खंय गे? खंय गे?', कुठे गं कुठे, आणि नर नुसता 'चिक् चिक्' करून गप्प बसतो, आमच्या घोवांसारखा. तिन्हीसांजेला मादीचा तो पुकारा सुरू झाला. पांढरे सात पक्षी बांधावरच्या आंब्याकडे निघाले आणि त्यांच्यामागून आणखीही बरेच निघाले. काही नेहमीसारखे ठिपक्यांचे. काही अंगाने ठिपक्यांचे, पण छातीवर पांढरा डाग असलेले. सगळे एकाच फांदीवर, एकमेकांना चिकटून.

शलाकाने दुर्बीण लावली. त्या फांदीवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावरचं शिंग आखूड होतं. म्हणजे सगळे वर्षाच्या आतले. एकाच विणीची भावंडं!

गिनीच्या माद्या अंडी घालायच्या बाबतीत महा लबाड. जाळीत लपून घरटं करतात आणि चार-पाच जणी मिळून एकाच घरट्यात अंडी घालतात. गेल्या पावसाळ्यात कुठेतरी करवंदीच्या जाळीत ही पलटण निघाली असणार, आणि वाढून आज बागेत उतरली होती. पण मग ठिपक्यांची पिल्लं, डागाची पिल्लं आणि पांढरी पिल्लं एकाच घरट्यातून कशी? तिने फांदीवरचे पक्षी पुन्हा मोजले. पांढरे जेवढे, ठिपक्यांचे साधारण तेवढेच, आणि डागाचे त्यांच्या दुप्पट.

हे प्रमाण ती कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकली होती. एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही रंगाच्या असल्या तर पिल्लू ठिपक्यांचं. दोन्ही कोऱ्या असल्या तर जन्मापासूनच पांढरं. एक अशी आणि एक तशी असली तर ठिपक्यांच्या अंगावर छातीचा पांढरा डाग. आणि आईबाप दोघेही डागाचे असले, की चार पिल्लांत एक पांढरं, एक ठिपक्यांचं, दोन डागाची. तिथे तापाचा काही संबंधच नाही!

पण प्रयोगशाळेने दिलेले सगळे पक्षी शुद्ध ठिपक्यांचे होते. एखादा पांढरा गिनी कोणीतरी बाजारातून हौसेने आणून सोडला असेल, हे समजण्यासारखं. त्या एका पक्ष्याचं रक्त थोड्या वर्षांत गावभर कसं पसरलं?

बांधापलीकडे बाबलकाकांचं घर. बाबल गावकर म्हणजे देवस्थानचे मानकरी, राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, दरसाल कोंबडा द्यायचा मान त्यांच्या घराण्याचा. शलाका त्यांच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन बसली. काका सुपारी कातरत होते.

"काका, हल्ली राखणदाराक कोंबडो देतास की गिनी?"

"गिनीच. आता बागेची राखण गिनीच करता, मगे राखणदाराक मान पण तिचोच. गावात ठरला तसा."

"आणि नर कसो निवडतास?"

काकांनी अडकित्ता थांबवला. एवढी साधी गोष्ट विचारते ही! "कसो म्हणजे? निर्दोष होयो. अंगभर ठिपके. एक पांढरा पीस जरी आसला, तरी तो देवाक चलना नाय. तसलो परत बागेत."

"सगळ्या वाड्यांचे राखणदार असोच नर घेतत?"

"सगळे. वाडीगणिक एक, शिवाय नवसाचे येगळे."

शलाका उठून उभी राहिली आणि मोठ्याने हसायला लागली. गाव दरसाल शुद्ध ठिपक्यांचे नर हुडकून हुडकून देवाला देत होतं, आणि छातीवर डाग असलेले, म्हणजे कोरी प्रत बाळगणारे, तेवढे वंश वाढवायला मागे ठेवत होतं. एखाद्या प्रयोगशाळेनेही पांढरा रंग इतक्या निष्ठेने वाढवला नसता. आणि डाग असलेले पक्षी दिसायला लागले होते तेव्हा तिने स्वतःच डॉ. फडणीसांना विचारलं होतं. छातीवरचं मोजू नकोस, असं त्यांनी सांगितलं, हिनेही मान डोलावली, आणि दोघींनीही पुढचा विचार केला नाही.

"काय झाला गो? खुळावलंस?" काका घाबरले.

"काका, तुमचो राखणदार काय लय भारी आसा!" असं म्हणून ती धावतच घरी गेली.

फोनवर डॉ. फडणीसांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "शलाका, चूक माझीही आहे. पक्षी कसे जगतील याचा हिशोब आम्ही केला, माणसं त्यातले कोणते निवडतील याचा केलाच नाही. पण लोकांना पटवणार कसं? जनुकांची तपासणी व्हायला वेळ लागेल."

"पंख उघडून, मॅडम."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पुन्हा गाव जमलं. डॉ. फडणीस मोठ्या पडद्यावरून बघत होत्या. शलाकाने पांढरा पक्षी काखेत धरला आणि त्याचा पंख पंख्यासारखा उघडला.

"बघा. पक्षी काय कपडे बदलता तशी पिसां बदलणा नाय. एकेक पीस गळता, एकेक नवीन येता. ताप लागलेलो पक्षी आसतो, तर तेची काही पिसां जुनी, ठिपक्यांची दिसाक होयी होती. हेच्या अंगावर एक तरी ठिपको दाखवा!"

माणसं पुढे सरसावली. पिसं वर-खाली करून झाली, शेपटी झाली, एका म्हाताऱ्याने चष्मा लावून पायांपर्यंत शोध घेतला. ठिपका नव्हता. सातही पक्षी झाले, तेच.

"हे जन्मतःच पांढरे," शलाका म्हणाली. "तापाचे नाय. आमीच वाढयलेले." आणि तिने राखणदाराची हकिगत सांगितली, तशी शेडच्या पत्र्याला हादरे बसतील एवढा हशा उठला. बाबलकाका तर सगळ्यांत जास्त हसले. पडद्यावरून डॉ. फडणीसांनी जाहीर केलं की अलार्म मागे घेतला आहे, बागा उघडायला हरकत नाही. निनादने चारचौघांत बायकोला मिठी मारायचीच काय ती बाकी ठेवली. "सकाळी सगळे बागेत!" तो ओरडला.

"पीसवाचन झाल्याबगर नाय," शलाका म्हणाली. "साप साप म्हणान भुई धोपटली ही गोष्ट खरी. पण म्हणान गावात साप नाय असा होणा नाय. सगळ्या पक्ष्यांचे पंख बघून मगेच बागा उघडतलंव."

निनाद हसला आणि हो म्हणाला. आजच्या दिवशी त्याने कशालाही हो म्हटलं असतं.

उजाडल्यापासून ती खुराड्याखुराड्यातून फिरली. पक्षी धर, पंख उघड, सोड. खालची बाग स्वच्छ. देवळाकडची स्वच्छ. एकेक बाग मोकळी होत गेली तसा बायकांचा कलकलाट डोंगर चढत गेला. शेवटी राहिली वरची बाग, निनादच्या स्वतःच्या घराची, जंगलाला लागून असलेली. तिथली एक म्हातारी मादी, अंगभर ठिपक्यांची, दिसायला अगदी ठणठणीत, शलाकाने सवयीने उचलली. पंख उघडला आणि तिचा हात थांबला.

आतल्या बाजूला, दोन मोठ्या पिसांच्या मध्ये, एक नवीन पीस होतं. टोकाला करडं, त्यावर टपोरे ठिपके. आणि मुळाकडे कोरं पांढरं.

पिसाचं टोक आधी उगवतं आणि मूळ शेवटी. म्हणजे पीस अर्धं होईपर्यंत मादी धडधाकट होती. मग पाच-सहा दिवसांपूर्वी तिच्या रक्तात हाक गेली होती. जन्माचा रंग असा अर्ध्यावर बदलत नाही.

बागेच्या फाटकावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. निनाद कुलूप काढत होता.

"निनाद, थांब. ही बाग उघडू नको."

त्याने पीस पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो बायकांपासून दूर, बांधाच्या आड तिला घेऊन गेला.

"काल तूच सांगलंस ना सगळा खोटा म्हणान? पांढरे सात पक्षी खोटे आणि ह्या ठिपक्यांच्या म्हातारीचा एक पीस खरा? कोणाक पटतला?"

"कोणाक पटाक नाय तरी खराच आसा."

"तीन पक्षी होये. नियम तुझोच. ह्यो एक आसा."

"नियमान मी बाग बंद करूक शकणा नाय," ती म्हणाली. "ठावक आसा माका. म्हणान मी सरकार म्हणान सांगणा नाय, बायको म्हणान सांगतंय. बाग तुझी. कुलूप तुझ्या हातात."

निनादचा चेहरा लाल झाला. काल जिंकलेली बायको आज त्याच्याच बागेला टाळं लावायला सांगत होती, तेही गावात एकट्या त्याच्या. लोक काय म्हणतील हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. शलाकाला त्याची दया आली आणि भीतीही वाटली; तो नाही म्हणाला, तर ती यापुढे त्याच्या शेजारी बसून जेवू शकणार नव्हती. तिने आवाज खाली आणला.

"गौरेश ज्या दिवशी बिया वेचूक गेलो, त्या दिवशी तू त्याच्यावांगडा होतंस. खयची बाग होती ती?"

 दोघांनाही माहीत होतं. ती हीच बाग होती. त्या दिवशी गोचिडी गौरेशला आणि निनादला, दोघांनाही चावल्या असणार. एकाला ताप आला आणि एकाला नाही, एवढाच काय तो फरक. त्या वेळी कोणी एक पीस दाखवायला नव्हतं.

तो फाटकाकडे गेला. कुलूप पुन्हा लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बायकांना म्हणाला, "वरची बाग बंद. तुमी सगळ्यांनी देवळाकडच्या बागेत जावा. मी सांगतंय."

"चेअरमनच्याच बागेक टाळो?" एकजण कुजबुजली.

"होय, चेअरमनच्याच," निनाद खेकसला. "दुसऱ्याच्या बागेक लावलंय असतंय तर बरा दिसला असता?"

एकाच बागेतल्या गोचिडी गोळा करायच्या म्हटल्यावर काम दोन दिवसांत झालं. गोचिडी चिकटाव्यात म्हणून पांढऱ्या फडक्यांनी जमीन पुसत तालुक्याची माणसं वरच्या बागेत फिरली. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉ. फडणीसांचा फोन आला, तेव्हा शलाका आणि निनाद फाटकापाशीच उभे होते.

"शलाका, तुमच्या वरच्या बागेतल्या गोचिडींत विषाणू सापडला. भरपूर आहे. बाकी बागा पीसवाचनात स्वच्छ आहेतच." त्या एका दमात बोलत होत्या. "अगं, माणसाला ताप यायच्या आधी आपण तो पहिल्यांदाच पकडलाय. पहिल्यांदाच! त्या दिवशी आत किती जणी जाणार होत्या?"

 शलाकाने फोन निनादच्या हातात दिला. त्याने ऐकलं, 'होय, होय' म्हटलं, आणि फोन बंद केल्यावर कुंपणाचा खांब घट्ट धरून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

"चाळीस," तो म्हणाला. "चाळीस जणी होत्या फाटकार."

कुंपणाच्या आत बाग निपचित होती. पिकलेले बोंडू पडून सडत होते आणि त्यांचा गोड वास रस्त्यापर्यंत येत होता. समोरच्या डोंगरउतारावर, देवळाकडच्या बागेत, त्या चाळीस जणी वाकून बिया वेचत होत्या. कोणाची टोपली कोणी उचलली यावरून तिथे जोराचं भांडण लागलं होतं. एकीने दुसरीच्या सात पिढ्या काढल्या, दुसरीने तिच्या चौदा. शलाका कान देऊन ऐकत राहिली. प्रत्येकीचा आवाज तिला वेगळा ओळखता येत होता, आणि त्यातला एकही कमी नव्हता.

"जावन सोडवू काय गो ता भांडण?" निनादने विचारलं.

"नको," शलाका म्हणाली. "भांडांदेत."